नववं प्रकरण लिहूनच होत नाही. लिहिणं अडलं की तुम्ही नेमकं काय करता?

अर्धी_वही

नमस्कार मंडळी.

मी कथा लिहिते. एक संग्रह आला, त्याचं बऱ्यापैकी कौतुक झालं, मग हुरूप येऊन कादंबरी सुरू केली. आठ प्रकरणं झाली. नववं होत नाही. ‘होत नाही’ म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण आतापर्यंत ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी ‘फिरून ये, डोकं मोकळं होईल’ असं सांगितलं. मी फिरते. डोकं मोकळं होतं. परत येऊन बसले की मोकळ्या डोक्याने कोऱ्या पानाकडे बघत बसते.

पोटापाण्यासाठी मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. तिथे कधीच अडत नाही. ‘झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा’ हे वाक्य मी तापातसुद्धा लिहू शकते. म्हणजे हात, भाषा, खुर्ची, सगळं शाबूत आहे. कामाआधीचा सकाळचा वेळ कादंबरीचा. फाइल उघडते आणि लय सापडावी म्हणून पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेते. तिसऱ्यापर्यंत पोचेतो दोन-चार स्वल्पविराम इकडचे तिकडे झालेले असतात, एखाद्या ‘परंतु’चं ‘पण’ झालेलं असतं, आणि वेळ संपलेला असतो. पहिली तीन प्रकरणं आता इतकी गुळगुळीत झालीत की चौथं वाचताना ते दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं वाटतं.

गोष्ट दोन बहिणींची आहे. वडील गेल्यावर घर विकायचं की नाही यावरून चाललेली. धाकटीचा ठाम विरोध, थोरलीचं तळ्यातमळ्यात. नवव्या प्रकरणात थोरली विक्रीच्या कागदावर सही करते. बस, एवढंच घडायचंय. टेबल आहे, कागद आहे, पेन आहे, दोघी समोरासमोर बसल्यात. आणि मी काहीही लिहिलं तरी ते माहितीपुस्तिकेतलं वाटतं. ‘तिने पेन उचलले. टोपण काढले. टोपण बाजूला ठेवले.’ पुढचं वाक्य ‘आता वीजपुरवठा सुरू करावा’ असं आलं तरी कुणाला खटकायचं नाही.

बरं, नुसतं अडलंय असंही नाही. हौसच गेली आहे. पूर्वी भांडी घासताना या दोघी डोक्यात भांडायच्या, मी ओल्या हातांनी जाऊन लिहून ठेवायचे. आता गप्प आहेत. संपादक मधूनमधून ‘कुठवर आलंय?’ असं विचारतात. प्रेमाने विचारतात, त्यामुळे चिडताही येत नाही.

माझा प्रश्न: हा आळस आहे, भीती आहे, की गोष्टच संपली आहे, हे ओळखायचं कसं? तुमच्या बाबतीत काय लागू पडलं ते सांगा. ‘स्वतःवर विश्वास ठेव’ एवढं मात्र नको. तो ठेवून झालाय.

---

तिरकस

या विषयावरचा जगातला सर्वांत प्रामाणिक शोधनिबंध १९७४ साली छापून आलाय. डेनिस अपर नावाचे मानसशास्त्रज्ञ, ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’. विषय: आपलं लिहिणं अडलं असताना आपणच आपल्यावर केलेले उपचार आणि त्यांना आलेलं अपयश. वर शीर्षक, लेखकाचं नाव, आणि खाली कोरं पान. सोबत परीक्षकाचा शेराही छापलाय: लिंबाचा रस लावून आणि क्ष-किरणांखाली धरून हस्तलिखित तपासलं, एकही दोष आढळला नाही, काहीही न बदलता छापावं, अशा अर्थाचा.

तुमचं नववं प्रकरण आहे तसंच द्या पाठवून. संपादक प्रेमळ आहेत म्हणताय.

---

रोज_पाचशे

तिरकसराव, हसलो. पण ताईंनी मनापासून विचारलंय तर मनापासून सांगतो.

मूड ही चीज लिहायला बसल्यावर येते, आधी नाही. मी बसायची वेळ आणि शब्दांचा आकडा ठरवून टाकलाय आणि चांगलं-वाईट हा विचार त्या वेळेपुरता बंद. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलोप टपालखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, आणि पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द हा स्वतःला घातलेला दंडक. उठवायला येणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला तो या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा. एक कादंबरी संपली आणि वेळ उरला, तर त्याच बैठकीत दुसरी सुरू. हे सगळं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं. ते १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आलं आणि पुष्कळ वाचकांचा हिरमोड झाला, कारण त्यांना प्रतिभा हवी होती आणि हाती आलं वेळापत्रक.

हा झाला एका माणसाचा अनुभव. पण रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने हे तपासूनही पाहिलंय, १९८३ मध्ये. लिहिणं जड जाणारे २७ प्राध्यापक घेतले, तीन गट केले. पहिल्याला सांगितलं, अगदीच निकड असल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला, मनात येईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला, ठरल्या दिवशी लिहायचंच, नाही लिहिलं तर तुम्हाला न आवडणाऱ्या संस्थेला तुमच्या खिशातून देणगी जाईल. तिसरा गट दिवसाला सरासरी तीन पानांच्या वर गेला, ‘मनात येईल तेव्हा’वाले एका पानाच्या आत राहिले. तेही सोडा, गंमत पुढे आहे. नवी कल्पना सक्तीवाल्यांना साधारण रोज एक सुचत होती, मूडवाल्यांना दोन दिवसांनी एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांनी एक. म्हणजे विश्रांती घेऊन कल्पनांचं तळं भरतं वगैरे जे आपण समजतो, त्याच्या बरोब्बर उलट.

तेव्हा पहिली तीन प्रकरणं कुलपात घाला. नववं दृश्य कितीही भिकार उतरू दे, रोज ठरलेले शब्द पाडा.

---

खोडरबर

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. ‘कुलपात घाला’ हे शंभर टक्के. बाकीच्याबद्दल थोडं थांबा.

बॉइसचा प्रयोग मलाही आवडतो, पण तो प्राध्यापकांच्या लेखनावर आहे. तिथे काय म्हणायचंय हे बहुतेक ठरलेलं असतं, म्हणायला बसणं होत नसतं. तिथे सक्तीने काम होतं. अर्धी_वही रोज बसतायत. त्या बसत नाहीत असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. आठ प्रकरणं काही हवेतून आलेली नाहीत.

याच काळात माइक रोझ यांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले, म्हणजे लॉस एंजेलिसचे, दहा विद्यार्थी. पाच अडणारे, पाच न अडणारे. निबंध १९८० चा. त्यांना दिसलं की अडणाऱ्यांच्या डोक्यात लिहिण्याचे कडक नियम होते आणि ते कुठल्याही परिस्थितीत सोडायचे नसतात अशी त्यांची समजूत होती. एकीचा नियम, सुरुवातीलाच वाचकाला पकडलंच पाहिजे. दुसरीचा, प्रत्येक वाक्य पहिल्या फटक्यात शुद्ध उतरलं पाहिजे. न अडणाऱ्यांकडेही नियम होतेच, पण ‘चाललं तर चाललं, नाहीतर दुसरं काहीतरी’ अशा बेताचे. हुशारीत दोन्ही गट सारखेच.

मी बरीच वर्षं इतरांची हस्तलिखितं वाचतो आहे, कामाचा भाग म्हणून. माझा अनुभव असा की ‘लिहिणं अडलं’ या एका नावाखाली निदान तीन निरनिराळी दुखणी येतात. एक, माणूस थकलेला किंवा आजारी असतो. दोन, कुणाच्या तरी नजरेची धास्ती असते. तीन, आणि हे कुणी मनावर घेत नाही, गोष्टीतच मागे कुठेतरी गाठ बसलेली असते आणि ती लेखकाच्या हाताला कळलेली असते, डोक्याला नाही. तिसऱ्या प्रकाराला पहिल्याचं औषध दिलं की माणूस ताजातवाना होऊन पुन्हा तिथेच अडतो. तुमचं फिरून येणं त्यातलं वाटतंय.

आणि असं अडलेलं प्रकरण हे बहुधा बिघडलेलं प्रकरण नसतं. बिघाड दोन-तीन प्रकरणं मागे असतो.

म्हणून दोन प्रश्न. पहिला, कथन कुणाचं आहे? दुसरा, सहीच्या क्षणी वाचकाला जे माहीत नाही असं काय आहे?

---

निळी_शाई

खोडरबर यांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून एवढंच. हौस फक्त लिहिण्याची गेली आहे की सगळ्याचीच, हे एकदा बघा. वाचावंसं वाटत नाही, गाणं ऐकावंसं वाटत नाही, झोप बिघडली आहे, माणसं नकोशी झालीत, असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर तो लेखनाचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे जा, कादंबरी थांबेल. नैराश्याला ‘सर्जनशील अवस्था’ म्हणून कुरवाळत बसलेली माणसं जवळून पाहिली आहेत, म्हणून आगाऊपणा करून लिहिलं.

---

अर्धी_वही

सगळ्यांचे आभार.

निळी_शाई, आगाऊपणा मुळीच नाही. बाकीची हौस टिकून आहे. वाचते आहे, अधाशासारखी वाचते आहे. दुसऱ्यांची नववी प्रकरणं विशेष लक्ष देऊन.

रोज_पाचशे, शब्द पाडून पाहिले होते. पाडलेले सगळे टोपणं काढण्यात गेले.

खोडरबर, कथन प्रथमपुरुषी, थोरलीचं, पहिल्या ओळीपासून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माझं गुपित फुटतंय, पण इथे कुणी चोरणार नाही असं धरून सांगते. थोरलीने गिऱ्हाइकाकडून विसार कधीच घेतलेला आहे. वडील आजारी असतानाच. ते पैसे त्यांच्या आजारपणातच गेले. धाकटीला हे माहीत नाही. वाचकालाही नाही. शेवटच्या प्रकरणात कळतं. अख्खी कादंबरी त्या धक्क्यावर उभी आहे.

---

मागच्या_बाकावरून

खोडरबर यांचं उत्तर येईलच, तोवर संपादकांच्या ‘कुठवर आलंय’बद्दल बोलतो.

टेरेसा अमाबिले यांचा १९८५ चा एक प्रयोग आहे. लिहिणारी ७२ माणसं घेतली. सगळ्यांनी आधी एक छोटी कविता लिहिली. मग एका गटाला लिहिण्याची कारणं क्रमाने लावायला दिली, पण यादीतली सगळी कारणं बाहेरची: पैसा, नाव, लोकांवर छाप पडणं असली. दुसऱ्या गटाच्या यादीत आतली: शब्दांशी खेळायला आवडतं, स्पष्ट मांडलं गेलं की बरं वाटतं, वगैरे. तिसऱ्या गटाला यादीच नाही. नंतर सगळ्यांनी पुन्हा कविता लिहिली. कवींनीच त्या तपासल्या, कोणती कुणाची हे न कळता. बाहेरच्या कारणांवर काही मिनिटं घालवलेल्यांच्या दुसऱ्या कविता उघड उघड मंद पडल्या.

नीट बघा, त्यांना बक्षीस दिलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. नुसती यादी लावायला सांगितली होती. तेवढ्याने फरक पडला.

तुमचा संग्रह आला, कौतुक झालं, आता दर थोड्या दिवसांनी कुणीतरी येऊन ती यादी तुमच्या हातात देतंय. संपादकांना स्पष्ट सांगा की पहिला खर्डा पुरा झाला की मीच कळवीन, तोवर विचारू नका. चांगले संपादक यावर नाराज होत नाहीत. जे होतात त्यांच्याबद्दल वेगळा विचार करावा.

---

तिरकस

म्हणजे ‘कुठवर आलंय’ला उत्तर ‘तुम्ही विचारलंत ना, आता मागे गेलं’.

---

खोडरबर

अर्धी_वही, धन्यवाद. मला वाटतं गाठ सापडली.

तुमची निवेदक स्वतःच्या तोंडाने बोलते. वाचक तिच्या डोक्यात बसलाय, पहिल्या ओळीपासून. पण तिच्या डोक्यातली सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही वाचकापासून झाकून ठेवली आहे. साध्या प्रसंगांत हे खपून जातं. ती भाजी चिरत असेल, पत्र वाचत असेल, तर त्या क्षणी विसाराचा विचार मनात नव्हता असं म्हणता येतं. पण सहीचा क्षण? घर विकण्याच्या कागदावर पेन टेकवताना तिच्या मनात विसाराखेरीज दुसरं काय असू शकतं? काहीच नाही. आणि नेमकं तेच तुम्हाला लिहायला बंदी आहे. मग काय उरतं? पेन उरतं. टोपण उरतं. तुमची वाक्यं कोरडी पडली नाहीत, त्यांना आत शिरायला मनाई आहे.

त्यामुळे ‘आळस की भीती की गोष्ट संपली’ या तिन्हींपैकी मला काहीच दिसत नाही. हात बरोबर सांगतोय की हे दृश्य या नियमाने लिहिता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, अनेक कादंबऱ्यांमध्ये निवेदक लपवतो. लपवतो, पण तेव्हा त्याला लपवण्याचं कारण दिलेलं असतं. तो कुणाला तरी उद्देशून बोलत असतो, जबानी देत असतो, पत्र लिहीत असतो. तुमची थोरली कुणाशी बोलते आहे? तुमच्या वर्णनावरून ती नुसती मनातल्या मनात आहे. मनातल्या मनात माणूस स्वतःपासून विसार लपवत नाही.

जाता जाता एक तपासा: वाचकाला सरळ खोटं वाटेल असं एखादं वाक्य मागच्या प्रकरणांमध्ये आहे का?

---

अर्धी_वही

आहे. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी ती म्हणते, ‘माझं अजून काहीच ठरलं नव्हतं.’ लिहिताना मला ते फार सूचक वगैरे वाटलं होतं.

पण मला एवढ्यात हार मानायची नाही. तो धक्का काढला तर उरतं काय? दोन बहिणी आणि एक घर. असल्या गोष्टी पायलीला पन्नास. शेवटी जेव्हा कळतं की ही बाई सुरुवातीपासून बांधली गेली होती, तेव्हा वाचकाने मागची सगळी पानं नव्याने आठवावीत, हाच तर खेळ आहे. तुम्ही म्हणताय ते तंत्र म्हणून पटतं, पण तुम्ही सुचवताय तो उपाय म्हणजे दुखतं म्हणून दात काढण्यातला प्रकार वाटतो.

---

खोडरबर

उपाय मी अजून सुचवलेलाच नाही. :)

वाद घालण्यापेक्षा एक चाचणी करा. नवव्या प्रकरणाचं तेच दृश्य, तेच टेबल, पण धाकटीच्या तोंडून लिहा. कादंबरीत घालायचं नाही, फेकूनच द्यायचंय. त्यामुळे कादंबरीच्या फाइलमध्ये लिहू नका. शक्यतो हाताने लिहा किंवा फोनला तोंडी सांगा, म्हणजे स्वल्पविरामांशी खेळायची सोयच राहणार नाही. मागचं काहीही वाचायचं नाही. खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य धाकटीचं.

धाकटीला विसार माहीत नाही. म्हणजे तिच्या डोक्यात झाकून ठेवण्यासारखं काही नाही. ती मोकळी आहे.

दृश्य धावलं, तर अडचण कथनाच्या जागेची होती, तुमची नव्हती. मग धक्का ठेवायचा की हलवायचा ते शांतपणे ठरवता येईल. धाकटीच्या तोंडूनही टोपणंच निघत राहिली, तर माझं निदान चुकीचं, आणि मी मागच्या_बाकावरून यांच्या मागे जाऊन बसेन.

---

रोज_पाचशे

चाचणी आवडली. माझी फक्त एक पुरवणी: वेळ लावून करा. घड्याळ वाजलं की वाक्य अर्धं असलं तरी उठा. हेमिंग्वे सांगायचा, पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात करायला जड जात नाही. मी तर मुद्दाम वाक्य मध्येच तोडतो. दुसऱ्या दिवशी ते पुरं करायला हात शिवशिवत असतात.

आणि फिरण्याला एवढं हिणवू नका हो. स्टॅनफर्डमध्ये ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ साली दाखवलंय की चालताना माणसाला एकाच गोष्टीचे निरनिराळे उपयोग जास्त सुचतात. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चाललं तरीही.

---

खोडरबर

त्याच प्रयोगात एकच बरोबर उत्तर असलेली कोडी सोडवताना मात्र चालणाऱ्यांचं किंचित घसरलं. म्हणजे कल्पना हव्या असतील तेव्हा चाला, गाठ सोडवायची असेल तेव्हा बसा. ताईंना कल्पनांचा तुटवडा नाहीये.

---

अर्धी_वही

उशिरा येते आहे, पण सांगण्यासारखं घेऊन येते आहे.

चाचणी केली. फोनला तोंडी सांगितलं. त्याने जोडाक्षरांची जी काय दशा केली ती बघून पहिल्यांदा हसू आलं, आणि एकदा हसू आल्यावर मग हे काही फार पवित्र काम आहे असं वाटेना. धाकटी बोलायला लागली. तिरसट, जरा बडबडी, अन्याय झाल्यासारखी. ती टेबलाकडे बघतच नाही. ती बहिणीच्या डोळ्यांकडे बघते. आणि तिला दिसतं की थोरली कागद वाचत नाहीये. पानं उलटून सरळ सहीच्या जागी जाते. आयुष्यभर जिने विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय भरलं नाही, ती घर विकण्याचा कागद न वाचता सही करते. धाकटी मनात म्हणते, हिने हा आधी वाचलाय.

हे मला माहीत नव्हतं! म्हणजे विसार माहीत होता, पण धाकटीला तो असा कळेल हे मला ठाऊक नव्हतं. मी शेवटच्या प्रकरणासाठी एक जुनी पावती, एक पेटी, एक शेजारी असला सगळा सरंजाम मांडून ठेवला होता. त्यातलं काहीच लागणार नाही बहुतेक.

त्या दिवशी घड्याळ वाजल्यावर उठले नाही. रोज_पाचशे, माफी.

आता धक्क्याबद्दल. तुमचं पूर्ण मान्य केलेलं नाही. धाकटीला कथन देणार नाही, कादंबरी थोरलीचीच आहे. पण विसाराची गोष्ट वाचकाला पाचव्या प्रकरणातच सांगून टाकते, जिथे ती पैसे घेते तिथेच. मग नवव्यात थोरली स्वतःच्याच डोक्यातून बोलू शकते: ही माझ्याकडे का बघते आहे, मी पान उलटायला घाई केली का, आता पुन्हा मागे जाऊन वाचल्याचं नाटक करू का. परवापासून तेच लिहिते आहे. पेन आहे अजून, पण ते तिच्या हातात आहे, माझ्या नाही.

हौस परत आली का, असं विचाराल तर आली म्हणायला हरकत नाही. पण ती आधी आणि लिहिणं नंतर असं झालं नाही. धाकटीने कागदाचं ते वाक्य म्हटलं, त्यानंतर पुढे काय होतं हे मलाच बघायचं होतं, एवढंच.

संपादकांना कळवलं की पहिला खर्डा होईतो विचारू नका. ‘बरं’ एवढंच उत्तर आलं. माझं उत्तर तीन परिच्छेदांचं होतं, उगाच.

आता नवीन पेच. पाचव्यात विसार सांगितला की सहा, सात, आठ तिन्ही प्रकरणं खोटी पडतात. तिन्हींमध्ये ती काही माहीत नसल्यासारखी वागते. आधी ती दुरुस्त करू की नववं पुरं करून दहाव्याकडे जाऊ? मनात आहे की मागे जावं, पण मागे गेले की माझं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

---

मागच्या_बाकावरून

न वाचता सही! वा. मला ही कादंबरी वाचायची आहे. (हे बाहेरचं कारण म्हणून यादीत धरू नये.)

---

तिरकस

मी कोरं प्रकरण छापा म्हणालो होतो, तुम्ही न वाचलेला कागद छापताय. श्रेय थोडंसं इकडेही द्यावं.

---

खोडरबर

अभिनंदन. तुमचा मधला मार्ग माझ्या मनात होता त्यापेक्षा चांगला आहे. मी तुम्हाला कथनच बदलायला सांगितलं असतं बहुधा.

मागे जाऊ नका. सहा, सात, आठच्या माथ्यावर एकेक ओळ लिहून ठेवा: ‘इथे वाचकाला विसार माहीत आहे.’ प्रत्येकात कुठलं संभाषण बदलावं लागेल हे आत्ता आठवत असेल तर त्याचीही एक ओळ, आणि फाइल बंद. पुढे लिहिताना ती तिन्ही प्रकरणं दुरुस्त झालेलीच आहेत असं धरून चालायचं. दहावं, अकरावं लिहून झाल्यावर त्या तिघांत काय हवं ते तुम्हाला आजच्यापेक्षा नीट कळेल, आणि कदाचित तीनची दोन होतील. सातव्यात काय घडतं ते तुम्ही कुठेच सांगितलं नाहीत, त्यावरून मला तशी शंका आहे.

नववं कुठल्या टप्प्यावर थांबवायचं हा विचार करत असाल तर सहीनंतर लगेच थांबवा. धाकटी काय बोलते ते दहाव्यात. आणि सहाव्यातलं ते ‘अजून काहीच ठरलं नव्हतं’ एवढं एकच वाक्य आजच्या आज खोडून टाका, त्यासाठी मागे गेलात तर चालेल. शोध लावून थेट त्या ओळीवर जा, खोडा, बाहेर या. वरचा परिच्छेद वाचायचा नाही.